हळद लागलेले उंदीर

आमच्या किराण्याच्या यादीत उंदीर मारायचं औषध मिठाच्या खालोखाल असायचं. घर बालाघाटच्या कडेला, किरनापुरच्या रस्त्यावर, आणि शेत त्याच रस्त्याने आणखी पुढे. ज्या घरात धान, ते घर म्हणजे उंदरांचं आजोळ. पोती, गाद्या, माझ्या शाळेच्या हजेरीपटाचे कोपरे, सगळं त्यांनी चाखून पाहिलं होतं. शेवटी माझ्या नवऱ्याने हट्टाला पेटून मागच्या अंगाला एक कोठी बांधली. जमिनीखाली काचांचे तुकडे, वर सिमेंट, खिडकीला बारीक जाळी आणि दाराच्या खालच्या बाजूला पत्र्याची पट्टी. आत साळीची पोती, बियाणं आणि डाळींचे डबे. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी कोठी दाखवली जायची. "एक उंदीर आत जाऊन दाखवू दे," असं तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा. आठ वर्षांत खरोखर एकही गेला नाही, हे मलाही कबूल करावं लागतं.

अशा घरात माझ्या धाकट्या मुलीने उंदीर पाळले. दोन, पांढरे, गुलाबी शेपटीचे. तिच्या वाढदिवसाला माझ्या भावाने गोंदियाहून आणून दिले. भाची मागेल ते द्यायचं आणि मग महिनाभर बहिणीला तोंड दाखवायचं नाही, ही त्याची जुनी रीत. एकाच्या डोक्यावर तपकिरी डाग होता, तो टोपीवाला. दुसरा बिनटोपीचा. दोघेही नर आहेत असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं, आणि देवाच्या कृपेने ते खरं निघालं.

नवरा पिंजऱ्याकडे पाहतच राहिला. "ज्याले मारासाठी औषध आणतो, त्याले पोसासाठी दाणे आणाचे?" त्याने विचारलं.

"पापा, ये वो वाले नहीं हैं," मुलगी म्हणाली. आमच्या दोन्ही मुली घरातलं मराठी समजतात, पण गळ्याशी आलं की हिंदीच बोलतात.

मी काय बोलले ते लिहीत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझी जीभ धारेची आहे हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. पण सासूबाई मध्ये पडल्या. "असू दे वं. पोरीचा जीव लागला," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसांत त्या इतकं कमी बोलायच्या की त्यांचं एक वाक्यही मोडवत नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने चालायला लागला, पण हात काही वठणीवर येईना. आणि हात कुणाचा? रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून धानाचं रोप लावताना ज्यांच्या बरोबरीने सरकणं गावात कुणाला जमायचं नाही, त्या बाईचा. आता तो हात पदराखाली झाकून मांडीवर ठेवलेला असायचा. पाहुण्यांसमोर तर त्या तो डाव्या हाताने ओढून आणखी आत घ्यायच्या.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, "वर्षभरात बोटं हलवली नाहीत तर ती मग हलणार नाहीत. ताटात तांदूळ, हरभरे ठेवा आणि उजव्या हाताने एकेक दाणा उचलायला लावा." मला आयताच अभ्यासक्रम मिळाला. रोज शाळेत जाण्यापूर्वी मी ताट मांडून जायची, परत आल्यावर तपासायची, आणि संध्याकाळी समोर बसवून परीक्षा घ्यायची. "उचला. अंगठा वळवा. अजून." त्या हात पुढे करायच्या, तो थरथरायचा, दाणा सुटायचा, आणि त्या हात परत पदराखाली घ्यायच्या. दोन महिन्यांत एक दाणाही माझ्यासमोर उचलला गेला नाही. पुढे पुढे त्या हात पुढेच करेनात.

"आई, तुमी मनावरच घेत नाही," मी म्हणायची.

त्या मान भिंतीकडे फिरवायच्या. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली भीती असायची. हात गेला तर ही बाईच खचेल, मग खाटेवरून उठणार नाही, हे मला दिसत होतं. पण भीती बोलून दाखवता येत नाही, म्हणून मी रागच बोलून दाखवत होते. ताटातले तांदूळ मात्र रोज कमी व्हायचे. त्या चिमण्यांना टाकत असणार, असं मी धरून चालले होते.

त्यातच थोरलीचं लग्न तुमसरकडच्या घरात ठरलं, वैशाखातली तारीख निघाली, आणि सासूबाईंनी जाहीर केलं की नातीचं रुखवत त्या स्वतः करणार. नवरीकडचं रुखवत म्हणजे मांडवात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असणारी गोष्ट. नवरदेवाकडच्या बायका जेवणाला नावं ठेवायच्या आधी रुखवताभोवती फेरी मारतात. सासूबाईंच्या हातचं रुखवत त्यांच्या माहेरापर्यंत नावाजलेलं. डावा हात तर डावा हात, असं म्हणून त्या पुठ्ठा घेऊन बसल्या.

तीन महिने त्यांनी एकेक दाणा चिकटवला. तांदळाच्या भिंतींचं कौलारू घर केलं, त्याचं छप्पर तुरीच्या डाळीचं. बैलबंडी केली, तिच्या चाकांना मसुरीचे दाणे. एक मोर मुगाचा. आणि सप्तपदीची सात पावलं, सात वेगवेगळ्या धान्यांची. बाजारातला डिंक आणायचं नाव काढलं तर त्यांना चालायचं नाही. तांदळाच्या पिठाची खळ त्या स्वतः शिजवून घ्यायच्या. "अन्नाले अन्नानंच चिकटवाव," त्यांचं म्हणणं. त्यांचे डोळे त्या कामात असे जिवंत व्हायचे की मीही वाद घातला नाही. उजवा हात तेवढा पदराखाली गप्प बसलेला असायचा.

लग्नाला पाच दिवस उरले असताना कटंगीच्या नणंदेकडे केळवण होतं. नणंद म्हणजे सासूबाईंची एकुलती एक लेक, त्यामुळे सगळ्यांनी जायचं हे ठरलेलंच. प्रश्न दोन गोष्टींचा होता. रुखवत घरात उघड्यावर ठेवलं तर रानटी उंदीर त्याचा फडशा पाडतील, म्हणून नवऱ्याने ते सगळं कोठीतल्या फळीवर मांडून वर चादर टाकली. आणि शेजारचा बोका पिंजऱ्यावर डोळा ठेवून होता, म्हणून धाकटीने पिंजराही कोठीतच नेऊन ठेवला. कोठीसारखी सुरक्षित जागा अख्ख्या घरात दुसरी नाही, यावर आमच्या सगळ्यांचं एकमत. पिंजऱ्याला कडी, कोठीला कडी, घराला कुलूप. आठ वर्षं उंदीर आत कसा येणार नाही याचाच विचार करणाऱ्या माणसांना, तो आधीच आत असला तर बाहेर कुठून जाणार, हे सुचलंच नाही. दुसऱ्या कुठल्याही खोलीतून ते मोरीवाटे अंगणात पळून गेले असते आणि बोक्याने पुढचं पाहिलं असतं. इथून पळायला एक भोक नव्हतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, आम्ही चोराला जामदारखान्यातच मुक्कामाला ठेवलं.

सकाळी आठच्या सुमाराला गाडी दाराशी आली. आम्ही सामान भरत होतो, तेवढ्यात सासूबाई "देवाले हात जोडून येतो" म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी दोनदा हाका मारल्या. त्या आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी त्यावर काही विचार केला नाही.

केळवण छान झालं. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा आम्ही परतलो. नवरा ताज्या भाजीची पिशवी घेऊन सरळ कोठीकडे गेला आणि त्याने दार उघडून अशी आरोळी ठोकली की बोका भिंतीवरून खाली पडला.

चादर फळीवर नव्हती. तिच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्या चिंध्या ओढत नेऊन तांदळाच्या घरात अंथरल्या होत्या. छप्पर एका बाजूने उचकटलेलं. बैलबंडीची चाकं गायब, बैल बसकण मारून उताणे. मुगाचा मोर पार सोलला होता. पुठ्ठ्याची मान तेवढी ताठ. सात पावलांपैकी तीन शिल्लक होती. म्हणजे नवरीने तीन पावलं चालायची आणि चौथ्याला माहेरी परत यायचं.

आणि हळद. लग्नासाठी घरी कांडलेल्या हळदीचं पातेलं दोघांनी खाली पाडलं होतं. सिमेंटच्या जमिनीवर, पोत्यांवर, भिंतीवर, अगदी नवऱ्याच्या लाडक्या पत्र्याच्या पट्टीवरही इवल्या इवल्या पिवळ्या पावलांच्या रांगा. मी छप्पर उचललं. आत चिंध्यांच्या गादीवर दोघे अंगाला अंग लावून गाढ झोपले होते. टोपीपासून शेपटीपर्यंत पिवळेधमक. नवरीआधी हळद यांनाच लागली होती.

थोरली हसायला लागली. स्वतःच्या लग्नाचं रुखवत उद्ध्वस्त झालेलं पाहून कुणी हसतं का? पण तिला आवरेना. मला मात्र काहीच दिसत नव्हतं, फक्त सासूबाई दिसत होत्या. त्या काठीवर टेकून दारात उभ्या होत्या आणि त्या तीन पावलांकडे पाहत होत्या. तीन महिने एका हाताने वेचलेले दाणे. आता ही बाई परत भिंतीकडे तोंड करणार, आणि या खेपेला ते वळणार नाही, असं माझ्या मनात आलं आणि माझा तोल गेला. मी धाकटीवर तुटून पडले.

"कडी काहून लावली नाही? एक काम सांगितलं होतं तुले. एक!"

"मम्मी, मैंने लगाई थी. कसम से लगाई थी."

"मंग उंदरानं उघडली का? खोटं बोलू नको. उद्याच्या उद्या हे दोघं गोंदियाले परत जाईन."

ती रडायला लागली. रडता रडता ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती की तिने कडी लावली होती, रात्री दोनदा हात लावून पाहिली होती. मी पिंजरा उचलून तिच्यासमोर धरला. कडी अर्धी वळलेली होती. उघडी म्हणावी तर उघडी नाही, लागलेली म्हणावी तर लागलेली नाही. एक विचित्र गोष्ट मात्र मला त्या रागातही खटकली. बाजूलाच साळीची पोती उघडी होती, आणि त्यांना दोघांनी दातही लावला नव्हता. खाल्लं ते फक्त सासूबाईंच्या हातचं.

"पोरीले बोलू नको," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमी मध्ये पडू नका. तुमच्या तीन महिन्यांची माती केली इनं."

"तिनं नाही केली. कडी म्या उघडली होती. सकाळी." त्या म्हणाल्या. "मंग लावाले गेली तं माह्याच्यानं पुरी लागली नाही. तू हाका मारून राह्यली होती."

मला कळेचना. देवाच्या खोलीतून या कोठीत कशाला गेल्या? आणि डाव्या हाताने एवढी साधी कडी लागू नये? हात तर चांगला चालतो तो.

"कोणत्या हातानं लावत होत्या?" धाकटीने विचारलं. नाक पुसत, अगदी सहज. शिक्षिका मी, आणि बरोबर प्रश्न तिला सुचला.

सासूबाई पोत्यावर बसल्या, डाव्या हाताने जमिनीवरचे चार तांदूळ गोळा करून मांडीवर ठेवले, आणि पदराखालून उजवा हात बाहेर काढला. हात थरथरत मांडीवर फिरला. अंगठा वळला. पहिल्यांदा दाणा सुटला, दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्यांदा तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये आला आणि राहिला. त्यांनी हात तांदळाच्या घरापाशी नेला. झोपेतला टोपीवाला नाक हलवत उठला, पिवळे पुढचे पाय त्यांच्या बोटावर ठेवले आणि दाणा अलगद काढून घेतला. हे त्यांचं रोजचंच होतं, दोघांचंही. ते बघताक्षणी कळत होतं.

आम्ही सगळे घराबाहेर पडल्यावर, म्हणजे मी आणि मुली शाळा-कॉलेजात, नवरा शेतात, त्या पिंजरा उघडून बसायच्या. माझ्या ताटातले तांदूळ चिमण्यांना गेलेच नव्हते. उंदरांनी साळ का सोडली हेही कळलं. त्यांना तांदूळ म्हणजे त्या बोटांतून येतो तो, एवढंच ठाऊक होतं, आणि सासूबाईंच्या हाताचा वास रुखवतावर तीन महिन्यांचा साचलेला होता. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

"मंग माह्यासमोर काहून नाही उचलला कधी?" मी विचारलं. "मी रोज सांगत होती नं, आई."

"तू सांगते चांगलंच," त्या म्हणाल्या. "पण तू पाह्यत राहते वं. तू पाह्यलं का मले समजते हात कसा होता अन् कसा झाला. याइले का ठावं? त्याइले वाटते, हात असाच असते."

वीस वर्षं मी वर्गासमोर उभी राहून पोरांना पाहत आले आहे. चुकणाऱ्या हाताकडे टक लावून पाहिलं की तो सुधारतो, यावर माझी नोकरी उभी आहे. त्या क्षणी मला लाज वाटली, अगदी सरळ लाज, आणि तिच्या मागोमाग इतका आनंद झाला की मी मटकन तिथेच हळदीत बसले. बोटं हलत होती. कधीपासून हलत होती, आणि घरात दोन जिवांनाच ते ठाऊक होतं.

चार दिवस उरले होते. नवरा म्हणाला, बाजारात तयार रुखवत मिळतं, थर्माकोलचं, गोंदियाहून आणतो. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हळद झाडायला लागला. घर, मोर आणि बंडी आम्ही दोन्ही मुलींना घेऊन कशीबशी नीट करायची ठरवलं. चार पावलं सासूबाई करणार होत्या.

"उजव्या हातानं," धाकटी म्हणाली.

"करतो," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण तू तिकडं तोंड कर."

मी तोंड केलं. चार दिवस शाळेला सुट्टी टाकून मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि मोराला मूग चिकटवले. माझ्या पाठीमागे त्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पिंजरा. दाणा ताटात पडल्याचा आवाज यायचा. परत पडायचा. माझी मान आपोआप वळायला जायची आणि मी ती दातओठ खाऊन रोखायची. एक पाऊल व्हायला एक अख्खी दुपार गेली. मधूनच त्या कुजबुजत बोलायच्या, ते माझ्याशी नव्हतं. "थांब रे, तुह्या नाही तो." आयुष्यात मला एवढं अवघड काम कुणी दिलं नव्हतं.

उंदीर गोंदियाला गेले नाहीत, हे सांगायला नकोच. त्यांची हळद आंघोळ घालूनही उतरली नाही. लग्नाला जमलेली पोरं पिंजऱ्याभोवती गर्दी करून होती, आणि माझा भाऊ "मीच आणले" असं चारचौघांत सांगत होता.

मांडवात रुखवत मांडलं. नवरदेवाकडच्या बायका आल्या, फेरी मारली, मोराचं कौतुक केलं, बंडीकडे बोट दाखवलं. मग पावलांपाशी थांबल्या. पहिली तीन रेखीव, कडा सुईने ओढल्यासारख्या. पुढची चार वेडीवाकडी. एकाची बोटं सहा, एकाची टाच फाकलेली, दाणे कुठे दाट तर कुठे विरळ. नवरदेवाची मावशी वाकून पाहत म्हणाली, "हे चार कोण्या लेकरानं केले का?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, भोवती वीस-पंचवीस बायका. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सवय झाल्यासारखी मान दुसरीकडे फिरवली.

"म्या केले," सासूबाई म्हणाल्या. "या हातानं."

मला फक्त बांगड्यांचा आवाज आला. मग त्यांनी मलाच हाक मारली, घरात मारतात तशी, मोठ्याने. "अव, तिकडं का पाह्यतं? इकडं पाह्य नं."

मी पाहिलं. त्यांनी उजवा हात पदराबाहेर काढून सगळ्या बायकांसमोर वर धरला होता. तो खूप थरथरत होता, पण त्या तो खाली घेत नव्हत्या.